दुसऱ्यांदा, सावकाश

वीज आली तरी यंत्राला काही आठवत नसतं.
रात्री बंद केलं तेव्हा कुठं होतो, किती उंचीवर,
सगळं पुसलेलं. दोन नॉझल अधांतरी,
एकाच मोटरच्या पट्ट्याला बांधलेली,
एक वर गेलं की दुसऱ्यानं खाली यायचं.

व्होरूमधला जानेवारी, गॅरेजमध्ये उणे चार.
बोटं कापलेले हातमोजे घालून
मी त्याला घरी धाडते,
म्हणजे घराचं चित्र असलेलं बटण दाबते.

कुरकुरत वर जातं,
वरच्या स्विचला टक्कन धडकतं,
दोन मिलिमीटर मागे हटतं
आणि पुन्हा निघतं, या खेपेला इतकं हळू
की कान लावला तरच कळावं.
पहिल्या धडकेला शून्य मानायचं नाही
हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं
पुष्कळ काही मोडलेलं असणार आधी.

पण हे शून्य त्याचं, छताकडचं.
माझं काम खाली, हिरव्या बोर्डावर,
खसखशीएवढा रेझिस्टर ओल्या पेस्टवर टेकवण्याचं.
जास्त दाबला तर पेस्ट फुटून शेजाऱ्याला भिडते.
कमी दाबला तर नॉझल त्याला सोडतच नाही,
वर घेऊन जातं, वाटेत कुठंतरी टाकतं,
आणि मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर.
हिल्लारला चाळीस बोर्ड हवेत एप्रिलच्या आत,
मधमाश्यांच्या पेट्यांखालच्या काट्यांसाठी.
आत्तापर्यंत तीन. त्यातला एक चालतो.

तर, ठाव घ्यायचा. कागदानं.
खिशात औषधांच्या दुकानाची पावती निघते,
जाडी सहा शतांश मिलिमीटर, मोजून घेतलेली.
नॉझलखाली सरकवते. एक शतांश खाली. ओढते.
सरकते.
अजून एक. सरकते.
अजून एक.
अडखळली पाहिजे, अडकता कामा नये;
अडकली म्हणजे आपण उशिरा थांबलो.

नऊ वाजता आकडा मिळाला, वहीत लिहिला.
साडेअकराला तोच आकडा सात शतांशांनी खोटा.
पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
मी स्क्रूंना शिव्या दिल्या, पट्टा ताणला,
स्प्रिंग काढून पुन्हा बसवली.

तेवढ्यात बाबा दारात. कानाचं दुखणं झाल्यापासून
ते पायरीवर पाय आधी नुसता टेकवतात,
उचलतात, पुन्हा ठेवतात, मग भार देतात.
मी बघत नाही असं दाखवायची मला सवय झालीये.
तीस वर्षं त्यांनी डेअरीतले वजनकाटे तपासले.
वही उलटी धरून वाचली, मग सुलटी.
म्हणाले, ‘तापमान कुठाय?’

कुठलं तापमान?

‘काटा खोटं बोलत नाही, मारे.
तो कुठल्या खोलीत उभा होता, ते सांगत नाही फक्त.’

यंत्राचा पाय प्लॅस्टिकचा, मीच छापलेला.
हीटर पेटला तसा तो सकाळभर
गुपचूप वाढत होता, केसभर, केसाहूनही कमी,
आणि मी लोखंडाला दोष देत होते.

मग काहीच केलं नाही तासभर.
हीटर चालू, दार बंद, थर्मासमधली कॉफी.
ते स्टुलावर, मी पेटीवर,
भिंतीवरचा पारा चौदाला येऊन थांबेपर्यंत.
बोलण्यासारखं होतं थोडं. मंगळवारी दवाखाना होता.
बोललो ते हिल्लारच्या माश्यांबद्दल,
हिवाळ्यात पेटी किती हलकी होते त्याबद्दल.

पावती परत घातली. एक शतांश. एक शतांश.
‘थांब,’ ते म्हणाले, मला काही जाणवायच्या आधी.
चिमटीत धरलेलं टोक त्यांच्या हातात होतं,
आणि हात, जो कपाला थरथरतो,
तिथं थरथरत नव्हता.

पावतीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं:
चौदा अंश. आकडा. तारीख. सही.
सहीची गरज नव्हती.

एक बाजू झाली.
दुसरं नॉझल बाकी आहे अजून,
त्याचं शून्य वेगळं.